गडावर पायी: चैत्रातल्या चालीची तयारी, आणि पिशवीत नेमकं काय?

चालता_बोलता | २ मार्च २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मूळ धुळ्याचा, गेली पंधरा वर्षं पोटापाण्यासाठी पुण्यात. यंदा चैत्रात धुळ्याहून सप्तशृंग गडावर पायी जायचं ठरलंय. म्हणजे मी नाही ठरवलं. बहिणीच्या बाळंतपणात आईने देवीला नवस बोलला होता, तिचे गुडघे गेले आणि तो तसाच राहिला. दिवाळीत घरात विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

रामनवमीला, ६ एप्रिलच्या संध्याकाळी निघायचं आणि ११ च्या रात्री गडावर ध्वज चढतो त्याच्या आधी पोहोचायचं. पाच रात्री, साधारण दीडशे किलोमीटर. गल्लीतलं मंडळ आहे, वीस-बावीस जण, सोबत सामानाला छोटा हत्ती. वय ४१, बीपी नाही, साखर नाही, पोट आहे.

आत्तापर्यंत जमवलेलं सामान: पाठीवरची सॅक, स्लीपिंग बॅग, हवेची उशी, सहा टीशर्ट, तीन पँट, दोन टॉवेल, नवे चालायचे बूट (या आठवड्यात घेतले), सँडल, टोपी, गॉगल, छत्री, दोन लिटरच्या दोन बाटल्या, थर्मास, विजेरी, पॉवर बँक, ड्रायफ्रूटचे लाडू, औषधांचा डबा, एक कादंबरी. काट्याला लावलं तर ११ किलो ४०० ग्रॅम भरलं. पाणी न भरता.

काय राहिलं असेल तर सांगा.

---

रिकामटेकडा | २ मार्च, रात्री १०:०२

फ्रिज राहिला.

---

पांझराकाठ | २ मार्च, रात्री ११:१५

भाऊ, अकरा वेळा गेलोय. त्यातली पहिली दोन वर्षं अशीच पिशवी घेऊन गेलो, म्हणून हसणार नाही.

आधी एक लक्षात घ्या. तुम्ही सगळी तयारी चालण्याची करताय. या यात्रेत चालणं रात्री असतं, आणि रात्री माणूस चालतोच. सोबत असते, गाणी असतात, रस्त्याला चहावाले असतात. यात्रा मोडते ती दुपारी. सकाळी आठला तुम्ही थांबलात की संध्याकाळी पाचपर्यंत नऊ तास बेचाळीस डिग्रीत काढायचे आणि त्यात सहा तास झोपायचं. ती झोप झाली नाही तर तिसऱ्या रात्री बारानंतर माणूस चालता चालता डुलक्या घेतो, आणि बाजूने ट्रक जात असतात. मी माझ्या डोळ्यांनी एकाला झोपेत साइडपट्टी सोडून रस्त्यावर जाताना पाहिलंय. मागच्याने शर्ट धरून ओढला म्हणून वाचला.

म्हणून पिशवी दुपारसाठी भरा. एक जाडशी सतरंजी, एक पातळ चादर, एक मोठा बागायती रुमाल. रुमाल ओला करून डोक्याला, कोरडा करून डोळ्यांवर. कानात घालायला कापूस. डीजे असणारच, तुमचा नसला तर शेजारच्या मंडळाचा.

स्लीपिंग बॅग घरी ठेवा. एप्रिलमध्ये मालेगावला स्लीपिंग बॅगेत झोपलात तर संध्याकाळी भाजलेलं वांगं निघेल.

---

चालता_बोलता | ३ मार्च, सकाळी ८:२०

@पांझराकाठ, दुपारचा विचारच केला नव्हता. मंडळ कुठेतरी सोय करतंच ना?

---

पांझराकाठ | ३ मार्च, सकाळी ९:०५

करतं. बहुतेक वेळा पत्र्याची शेड किंवा शाळेचा व्हरांडा. पत्र्याखाली झोपू नका, मग पंखा असला तरी. सकाळी दहाला बरं वाटतं, एक वाजता तंदूर होतो. दगडी मंदिराचा सभामंडप मिळाला तर पहिली पसंती. नाहीतर कडुनिंब नाहीतर चिंच. आणि झाडाखाली गेलात तर सतरंजी खोडाच्या पूर्वेला टाका. सकाळी दहाला तिथे ऊन असतं, म्हणून सगळे पश्चिमेला दाटीवाटीने पडतात. दुपारी सावली पूर्वेकडे सरकते, मग दीडला सगळे उठून अंथरूण ओढत येतात आणि तुमच्या पायाशी झोपतात. तुम्ही तासभर रुमाल डोक्यावर घेऊन दम धरायचा, की पुढे संध्याकाळपर्यंत उठायचं काम नाही.

---

उंटावरचा_शहाणा | ३ मार्च, सकाळी ११:३०

हे झाडाचं भारी आहे. वाचनखूण साठवली.

---

डॉ_निवांत | ३ मार्च, रात्री १०:४५

मी डॉक्टर आहे, रस्त्यावरच्या सेवा केंद्रात तीन-चार वर्षं बसलोय. येणाऱ्यांत निम्मे पायाचे असतात, उरलेले पाण्याचे.

पाण्याचं आधी. "भरपूर पाणी प्या" एवढंच सांगून लोक मोकळे होतात. नुसतं पाणी ढोसत चाललात आणि घामातून मीठ जात राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भरकटल्यासारखा बोलतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. ओआरएसची पुडी न्या, एका लिटरची एका लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी घालून "स्ट्राँग" करू नका. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. टेट्रापॅकमधली गोड सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे, वेष्टनावरची साखर वाचा.

दुसरं, दुखतंय म्हणून रोज रात्री डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला मारक ठरतात. लघवी चहासारखी गडद झाली तर त्या दिवशी चालणं बंद.

तिसरं, उष्माघात. घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही असं समजू नका. चालणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो. खूण एकच पक्की: माणूस विचित्र वागू-बोलू लागला, त्याला तारीख-गाव सांगता येईना, की त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गार करणं आधी, गाडी शोधणं त्याच वेळी दुसऱ्याने. क्रोसिनने उष्माघाताचा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

बीपीच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः लघवीला लावणाऱ्या, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. तुम्हाला नाही, पण मंडळात कुणाला असेलच.

---

रिकामटेकडा | ३ मार्च, रात्री ११:१०

डॉक्टरसाहेब, "विचित्र बोलणं" हीच खूण असेल तर आमच्या मंडळातले निम्मे धुळ्यातच भरती होतील.

---

चालता_बोलता | ५ मार्च, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट आधी सांगितली नव्हती. आईने नवस अनवाणी बोललाय. मी बूट घेतल्याचं कळल्यापासून ती माझ्याशी फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोलते.

---

मोसमपूल | ५ मार्च, रात्री ९:५०

अनवाणी? आग्रा हायवेवर? दुपारी तीनला डांबरावर पाण्याचा थेंब टाकून बघा, किती वेळ राहतो ते.

---

उंटावरचा_शहाणा | ५ मार्च, रात्री १०:०५

नवस तो नवस. माझे मामा सत्तर वर्षांचे होते तेव्हा अनवाणी गेलेत. हल्ली लोकांना देवही एसीतला हवा.

---

डॉ_निवांत | ५ मार्च, रात्री १०:३०

मामा आयुष्यभर शेतात अनवाणी वावरले असतील. ह्यांचे तळपाय पंधरा वर्षं पुण्यात मोज्यात आहेत. महिनाभरात तळपाय बदलत नाहीत. आणि मधुमेह्यांनी हे वाचत असाल तर अनवाणी अजिबात नको. पायाला जखम झालेली कळतच नाही, मी बोटं गेलेली पाहिली आहेत.

---

मोसमपूल | ५ मार्च, रात्री १०:४२

+१. आणि काचा. हायवेच्या कडेला फुटलेल्या बाटल्या, टायरच्या तारा.

---

उंटावरचा_शहाणा | ५ मार्च, रात्री १०:५५

म्हणजे श्रद्धा वगैरे काही नाहीच. चालू द्या.

---

अक्का_देवपूर | ६ मार्च, दुपारी २:१०

भांडू नका रे पोरांनो. मी सासूबाईंसोबत पहिल्यांदा गेले तेव्हा १९९४ साल होतं, चोवीस वर्षांची होते. त्यांचाही नवस अनवाणीच होता आणि झोडग्याच्या पुढेच पाय सोलून निघाले. तिथे एका म्हाताऱ्या बाईने त्यांना स्वतःच्या चपला दिल्या नि म्हणाली, "पाय तुनाज शेतस बाई, भाडाना नहीत." (पाय तुझेच आहेत बाई, भाड्याचे नाहीत.) सासूबाई रडल्या, पण चपला घातल्या. मग त्यांनी देवीला सांगितलं, नांदुरीपासून वर अनवाणी येते. गडाचा डोंगर तर देवीचाच, तिथे चपला काढणं आलंच. तेव्हापासून आमच्या घरात हीच रीत आहे. खानदेश म्हणजे देवीचं माहेर. माहेरच्या माणसांचे पाय सोलून काढायला ती काय सासू आहे?

बाळा, तुझ्या आईला माझा निरोप सांग. नांदुरी ते गड दहा किलोमीटर, भल्या पहाटे चढ, तेव्हा रस्ता गार असतो.

आणि इथे बायका वाचत असतील तर त्यांच्यासाठी: सलवार ढगळ, सुती, खिसा असलेली. साडीवर चालणार असाल तर परकर नाडीचा नको, कमरेला काच पडून जखम होते. रुंद पट्ट्याचा शिवून घ्या. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घेऊ नका, डॉक्टरला विचारा. मी कधी घेतल्या नाहीत, पिशवीत पॅड आणि जुने कागद ठेवते, देवीने अजून हाकललेलं नाही. लघवी लागेल म्हणून पाणी कमी पिणं ही आपली जुनी खोड, ती सोडा. पेट्रोल पंप दिसला की लागलेली असो-नसो जाऊन यायचं, आणि दोघी-तिघींनी मिळून जायचं.

---

चालता_बोलता | ६ मार्च, रात्री १०:००

अक्का, निरोप वाचून दाखवला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "देवपुरात कुणाच्या घरच्या आहेत त्या?" म्हणजे जमलं असं धरून चालतो.

---

पांझराकाठ | ८ मार्च, सकाळी ७:४०

बरं, आता बूट. नवे घेतलेत ते किमान शंभर किलोमीटर वापरून घ्या. नसतील होत तर जुनेच घाला, फाटके चालतील पण ओळखीचे हवेत. बूट पायाच्या अंगठ्यापुढे बोटभर मोकळा असावा. रात्रभर चालून पाय सुजतो, सकाळचा आठ नंबरचा पाय पहाटे साडेआठचा होतो. नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी कापा. आदल्या दिवशी कापली की कोपरे टोचतात, आणि वाढलेली ठेवलीत तर पहिल्या उतारालाच काळी पडतील.

फोड येण्याआधी जागा गरम लागते. चटका बसल्यासारखं. तिथेच थांबायचं, बूट काढायचा, ती जागा पुसून कोरडी करायची आणि कागदी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावायची. "पुढच्या चहाला बघू" म्हणालात की फोड आलाच म्हणून समजा. मांड्या घासतात तिथे व्हॅसलीन, निघण्याआधी आणि मध्यरात्री. हे कुणी सांगत नाही, लाजतात. सगळ्यात जास्त लोक परत फिरतात ते यानेच.

फोड आलाच तर सुईदोरा ओवून दोरा आत ठेवायची जी पद्धत आहे ना, ती करू नका. दोऱ्यावाटे घाण आत जाते. डॉक्टर सांगतील.

---

डॉ_निवांत | ८ मार्च, सकाळी ९:२०

बरोबर आहे. लहान आणि न दुखणारा असेल तर फोडूच नका, वरून पट्टी लावा. मोठा आणि दाबाखाली असेल तर जागा साबणाने धुवून, निर्जंतुक सुईने कडेला एक-दोन छिद्रं, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच ठेवा, मलम, पट्टी. कातडी सोलून काढणारे शूर लोक माझ्याकडे दुसऱ्या दिवशी येतात.

---

मोसमपूल | ९ मार्च, रात्री ११:३५

मी रस्त्याचं सांगतो, दर वर्षी आमच्या दारावरून जाता तुम्ही.

मालेगावपर्यंत हायवे आहे, चार पदरी, मध्ये दुभाजक. तिथे गाड्या वेगात, पण कडेला जागा असते. लोकांना वाटतं मालेगाव सुटलं की सुटलो. उलट आहे. सौंदाण्याच्या पुढे देवळ्याकडचा रस्ता अरुंद, दुभाजक नाही, आणि हा उन्हाळ कांद्याचा हंगाम. पहाटे तीन-चारपासून कांद्याच्या ट्रॉल्या बाजार समितीला निघतात. मागचा दिवा नसतो, ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते, आणि ड्रायव्हरही रात्रभराचा जागा असतो. तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला, एकामागे एक. रिफ्लेक्टरची जाकिटं पहिल्या आणि शेवटच्या माणसाला तरी हवीतच. शेवटच्याच्या पाठीवर सायकलचा लुकलुकणारा लाल दिवा. शंभर-दोनशेचा खेळ आहे.

चंद्राचा हिशोबही करा. नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर काही तासांत मावळतो, म्हणजे पहिल्या रात्री पहाटे पूर्ण अंधार. पुढे रोज पाऊण-एक तासाने उशिरा. शेवटच्या रात्री पहाटेपर्यंत चांदणं. म्हणून बॅटरी पहिल्या दोन रात्री जपून वापरा नि नंतर मिरवा.

---

उंटावरचा_शहाणा | १० मार्च, सकाळी १०:१५

हे तिथीचं खरंच डोक्यात नव्हतं आलं. बाय द वे, पौर्णिमा २०२३ ला ६ एप्रिलला होती, २०२४ ला २३ एप्रिलला, यंदा १२ ला. म्हणजे गेल्या वर्षीच्या अनुभवावर यंदाचं ऊन मोजू नये, अकरा दिवसांचा फरक पडतो. (अनवाणीबद्दलचं माझं मत कायम आहे.)

---

चालता_बोलता | १६ मार्च, रात्री ८:५०

सरावाचा हिशोब देतो. रोज सहा किलोमीटर, शनिवारी अठरा, रविवारी पुन्हा पंधरा. शनिवारचे अठरा हसत खेळत झाले. रविवारी सकाळी पलंगावरून उतरताना बायकोचा हात धरावा लागला.

---

पांझराकाठ | १६ मार्च, रात्री ९:३०

हाच खरा सराव. एकदा तीस चालण्यापेक्षा दोन दिवस लागोपाठ वीस-वीस चाला. आणि शेवटचे दहा-बारा दिवस थोडं उन्हात फिरा, सकाळी नऊ-दहाला तासभर, पाणी बरोबर ठेवून. अंगाला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. पुण्यातून थेट येऊन उडी मारू नका. शेवटचे तीन दिवस मात्र नुसता आराम. एक रात्र मुद्दाम जागून दुपारी झोपून बघा, म्हणजे कळेल.

खाण्याचं: निघताना शेवभाजी नको. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. नको. रात्रभर छातीत जळजळ आणि घशाला कोरड. निघताना खिचडी, रात्री दोनला भाकरी-ठेचा नाही तर दही-पोहे, सकाळी थांबलं की टरबूज. रस्त्याला लोक ताक, पन्हं, सरबत देतात, प्रत्येक ठिकाणी नाही म्हणता येत नाही, पण बर्फाचा भरवसा नसतो. पोट बिघडलं की सगळं संपलं.

---

चालता_बोलता | ४ एप्रिल, रात्री ११:००

पिशवी पुन्हा भरली. पाठीवर: रुमाल, एक लिटरची बाटली (बाहेरून ओलं फडकं शिवून), ओआरएसच्या सहा पुड्या, चिकटपट्टी, व्हॅसलीन, मोज्यांचा एक जादा जोड, सेफ्टी पिना, फुटाणे-गूळ, फोन, आधार कार्डाची झेरॉक्स आणि त्यामागे घरचा नंबर. पावणेतीन किलो, पाण्यासकट. छोट्या हत्तीत: सतरंजी, चादर, दोन टीशर्ट, एक पँट, स्लिपर, बादली-मग. कादंबरी घरी.

आईने एक खण आणि नारळ दिलाय. ते पाठीवरच न्यायचे, गाडीत नाही, असं बजावलंय.

---

अक्का_देवपूर | ५ एप्रिल, सकाळी ६:३०

बोला अंबे मात की जय. सावकाश जा बाळा.

---

मोसमपूल | ८ एप्रिल, सकाळी ९:१०

धागाकर्ते आज सकाळी आमच्याकडे चहाला होते. जिवंत आहेत. डाव्या पायाने थोडे बोलत आहेत. आता आमच्या गच्चीखालच्या खोलीत झोपलेत, फरशीवर पाणी मारून दिलंय.

---

चालता_बोलता | १५ एप्रिल, रात्री १०:२०

आलो. पुण्यात आहे, पाय टेबलावर. सविस्तर लिहायचं होतं, पण लिहायला बसलं की तिसरी रात्रच समोर येते, म्हणून तीच लिहितो.

पहिल्या दोन रात्री सुंदर गेल्या. लळिंगच्या चढाला पाय मोकळे होते, किल्ला चांदण्यात काळा दिसत होता, मंडळातली पोरं जोशात. झोडग्याला सकाळी झाडाखाली पूर्वेला सतरंजी टाकली. लोक हसले. दीड वाजता माझ्याकडे सरकत आले. @पांझराकाठ, तुमचं नाव घेऊन सगळ्यांना सांगितलं.

पण दुसऱ्या रात्री मालेगावच्या अलीकडे डाव्या चवड्याखाली ती गरम जागा जाणवली. मला नेमकं ठाऊक होतं काय करायचं. इथे वाचलं होतं. आणि तरी मी म्हणालो, पुढच्या चहाला बघू. पुढची मंडळी थांबत नव्हती, मला मागे राहायचं नव्हतं, एवढंच कारण. चहाची गाडी तीन किलोमीटरवर लागली. मोजा काढला तेव्हा रुपयाएवढा फोड होता, आणि त्याच्या मधोमध मोज्याच्या शिवणीची रेघ उमटलेली. मोजा उलटा घातला असता तर ती शिवण बाहेर राहिली असती.

तिसऱ्या रात्री सौंदाण्यानंतर पाय चुकवून टाकत होतो, त्याने उजवी पोटरी आखडली. साडेतीनला कांद्याच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. मोसमपूल म्हणाले होते तशाच, बिनदिव्याच्या. आधी वास यायचा कांद्याचा, मग धडधड, मग ती अंधारातून समोर. शेवटी मी आणि मंडळातले एक काका असे दोघेच मागे. काका साठीचे, पाठीवर लाल दिवा. मी त्यांच्या दिव्याकडे बघत चालत होतो. एक लुकलुक, एक पाऊल. एके ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, "बस." मी म्हटलं चालवतंय. ते म्हणाले, "तुला नाही विचारलं." त्यांनी बूट काढायला लावला, स्वतःच्या पिशवीतून चिकटपट्टी काढली (माझी संपली होती, दोन जणांना वाटली होती), आणि चवड्याला अशी लावली की पुढचे दोन दिवस निघाली नाही. काका आयुष्यभर चपला शिवण्याचं काम करतात हे मला सकाळी कळलं.

कळवणच्या पुढे समोर गडाचा कडा दिसायला लागला तेव्हा सगळे ओरडले. मी नाही, माझा आवाज बसला होता. नांदुरीला पहाटे चारला पोहोचलो. तिथे बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात टाकले. घाटाचा रस्ता थंड होता, बारीक खडी टोचत होती, पण फोडाच्या जागेला गार डांबर इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम पाय दाबून चाललो. गर्दीत रडतोंडीच्या वाटेने जायला काकांनी नाही म्हटलं, गाडीरस्त्यानेच गेलो.

दर्शनाला किती तास लागले ते मोजले नाहीत. खण-नारळ दिला. रात्री शिखरावर ध्वज लागला तेव्हा खालून मान वर करून बघत होतो, मान पण आखडली. ध्वज लावणारे दरेगावचे गवळी पाटील तो कडा कसा चढतात ते त्यांनाच माहीत. तिथे माझे आठ दिवसांचे चोचले आठवून जरा लाज वाटली.

येताना एसटीने आलो. आईला फोन केला. तिने विचारलं, "बूट कुठे काढलेस?" म्हटलं नांदुरीला. "परत कुठे घातलेस?" म्हटलं खाली उतरल्यावर. म्हणाली, "बरं. जेवलास का?"

---

डॉ_निवांत | १५ एप्रिल, रात्री ११:०५

छान लिहिलंत. पायाचा फोटो टाकू नका, पण दुखणं वाढलं, लाली पसरली किंवा ताप आला तर दाखवून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन किती वर्षांपूर्वीचं आहे?

---

चालता_बोलता | १५ एप्रिल, रात्री ११:१२

आठवत नाही. उद्या जातो.

---

उंटावरचा_शहाणा | १६ एप्रिल, सकाळी ७:५५

नांदुरीपासून वर अनवाणी चढलात ते मला मान्य आहे. अक्का, मामांना विचारलं. ते म्हणाले, त्यांनी पण झोडग्याला चपला घेतल्या होत्या. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

---

अक्का_देवपूर | १६ एप्रिल, दुपारी १:३०

😄 मामांना नमस्कार सांग.

---

रिकामटेकडा | १६ एप्रिल, दुपारी १:४४

पुढच्या वर्षी मी येतोय. सामानाची यादी कुठे मिळेल?

---

पांझराकाठ | १६ एप्रिल, दुपारी २:०६

वर जा, पहिली पोस्ट वाच. त्यातलं काहीच घेऊ नकोस.